दूध टाकून गेलेली बाळं आणि एक रक्ततपासणी

आमच्या खानापूर भागात म्हाताऱ्या बाईला मुलं किती असं विचारलं की ती दोन आकडे सांगते. "सात झाली, पाच हाईत." मधल्या दोघांचं काय झालं हे सहसा कुणी विचारत नाही आणि विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं. दृष्ट लागली, बाळदमा झाला, दूध टाकून टाकून गेलं.

मी विचारते. बेळगावात शहापूरला एका खासगी लॅबच्या कलेक्शन सेंटरवर मी रक्त घेते. पोटुशी बाई आली की तिच्या दंडाला पट्टा बांधून शीर चाचपताना विचारते, की सासरी किंवा माहेरी कुणाचं तान्हं बाळ दोन-तीन आठवड्यांचं असताना गेलंय का, आणि ते मुलगा होतं का. काही जणी दचकतात. काही जणी सुई टोचायच्या आधीच रडायला लागतात. उत्तर "होय" आलं तर एका कागदावर '१७-ओएचपी' लिहून देते आणि सांगते, बाळंतपण जिथं होईल तिथल्या बाळाच्या डॉक्टरांना हा कागद दाखवा, आणि घरात असं बाळ गेलंय हेही तोंडानं सांगा.

पूर्ण नाव १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन. हा हार्मोन सगळ्यांच्या अंगात थोडा असतोच. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कोलेस्टेरॉलपासून पायरी पायरीनं कॉर्टिसॉल आणि ॲल्डोस्टेरॉन बनवतात. कॉर्टिसॉल आजारपणात, उपाशीपणी माणसाला तगवतं, रक्तातली साखर सांभाळतं. ॲल्डोस्टेरॉन अंगातलं मीठ लघवीवाटे वाहून जाऊ देत नाही. या कामातल्या एका पायरीला २१-हायड्रॉक्सिलेज नावाचं एन्झाइम लागतं. ते जन्मतःच नसेल किंवा अगदीच कमी असेल तर काम तिथंच तुंबतं, आणि तुंबलेल्या जागी जे साठतं ते १७-ओएचपी. मेंदूखालची पिट्युटरी मात्र कॉर्टिसॉल कमी पडतंय म्हणून ग्रंथीला सारखी ढकलत राहते. ग्रंथी वाढते, आणि साठलेला माल दुसऱ्या वाटेनं पुरुषी हार्मोनकडे वळतो. या आजाराला कन्जेनायटल ॲड्रिनल हायपरप्लेजिया म्हणतात, दवाखान्यात सगळे सीएएच म्हणतात. सीएएचच्या शंभरातल्या नव्वदहून जास्त बाळांत दोष याच एन्झाइमचा असतो, म्हणून तपासायचं ते १७-ओएचपी.

मुलगी असेल तर पोटात असतानाच या पुरुषी हार्मोनमुळं तिचे बाहेरचे अवयव वेगळे दिसायला लागतात आणि जन्मल्या जन्मल्या कुणाच्या तरी लक्षात येतं. मुलगा असेल तर काहीच दिसत नाही. गोरंगोमटं, चांगल्या वजनाचं बाळ असतं, सगळे हातात घेऊन कौतुक करतात. आजाराच्या जोरदार प्रकारातल्या चारपैकी सुमारे तीन बाळांच्या अंगातलं मीठ टिकत नाही. पहिल्या आठवड्यानंतर, बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, बाळ दूध ओढायचं कमी करतं, उलट्या काढतं, वजन उतरतं, निपचित पडतं. रक्तात सोडियम खाली गेलेलं असतं आणि पोटॅशियम वर. त्या पोटॅशियमनं काळीज थांबतं. बाहेरून बघणाऱ्याला उलट्या-जुलाबाचं नाहीतर जंतुसंसर्गाचं बाळ वाटतं. आमच्या म्हाताऱ्या बायका ज्याला "दूध टाकून गेलं" म्हणतात त्यातली सगळी बाळं या आजाराची होती असं मी म्हणत नाही. पण काही नक्कीच होती. त्यातलं एक माझ्या भावाचं होतं.

माझ्या धाकट्या भावाची बायको आमच्या मामाची मुलगी. आमच्याकडं यात नवल काहीच नाही. मामाची मुलगी मागायची आधी, मग बाहेर बघायचं, अशीच रीत. त्यांना पहिला मुलगा झाला तेव्हा मी डीएमएलटी, म्हणजे लॅबच्या कामाचा डिप्लोमा, शिकत होते. पाचवी झाली, बारसं झालं, पेढे वाटून झाले आणि मग भावाचा फोन आला, "अक्का, पोरगं दूध ओढंना झालंय. काल पस्नं नुसतं पडून हाय." गावातल्या डॉक्टरांनी उलटीचं औषध दिलं. मग तालुक्याला नेलं. तिथून बेळगावला एका दवाखान्यात आणलं तोवर रात्र झाली होती. रक्त घेतलं, सलाईन लावलं, पहाटे बाळ गेलं. काय झालं होतं हे कुणी सांगू शकलं नाही. भावानं सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवले. का ठेवले हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्यात एक चिटोरं होतं, त्या रात्रीच्या रक्ताचं: सोडियम ११४, पोटॅशियम ७.९.

सोडियम १३५ ते १४५ असायला हवं.

घरात बोलणं झालं ते भावजयीबद्दल. तिच्या पायगुणाबद्दल, तिनं ग्रहणात काय चिरलं होतं त्याबद्दल. ती काही बोलली नाही, फक्त माहेरी जायची बंद झाली, कारण माहेर म्हणजे आमचा मामाच आणि तिथंही तेच बोलणं. या आजारात आई आणि बाप दोघांकडूनही एकेक सदोष जनुक आल्याशिवाय बाळाला आजार होत नाही. दोघंही स्वतः ठणठणीत असतात. एकट्या बाईच्या माथी मारायला यात जागाच नाही, हे मला तेव्हा माहीत असतं तर मी माजघरात उभी राहून सगळ्यांना सांगितलं असतं. आता सांगते, आणि ज्या ज्या घरात असं बोललं जातंय तिथं कुणीतरी सांगावं म्हणून इथं लिहिते.

दुसऱ्या खेपेला बाळंतपण बेळगावातच करायचं ठरलं. नर्सबाई बाहेर आल्या, "मगा री" म्हणाल्या, मुलगा झाला. आईनं हात जोडले. थोड्या वेळानं त्याच नर्सबाई परत आल्या आणि म्हणाल्या, डॉक्टर बघतायत, जरा थांबा. बाळाला मुलासारखं दिसत होतं, पण खालच्या पिशवीत दोन्हीकडं वृषणाच्या गोळ्या हाताला लागत नव्हत्या. बाळाच्या डॉक्टरांनी आधीच्या बाळाचं विचारलं. भावानं ती कागदांची पिशवी गावाहून आणवली. त्यांनी ते चिटोरं हातात घेतलं, दिव्याकडं धरून वाचलं, आणि त्याच मिनिटाला सोनोग्राफी लिहून दिली. पोटात गर्भाशय होतं. मुलगी होती. आतून पूर्ण, नीट, मुलगी.

(जन्मलेल्या "मुलाच्या" दोन्हीकडच्या गोळ्या हाताला लागत नसतील तर "उतरतील हळूहळू" म्हणून घरी पाठवू नये, आधी सीएएच आहे का बघावं. बाळाला तेल लावणाऱ्या बाईच्या हातालासुद्धा हे कळतं. तिनं सांगितलं तर ऐका.)

तिसऱ्या दिवशी बाळीचं रक्त १७-ओएचपीसाठी गेलं. डॉक्टर रिपोर्टसाठी थांबले नाहीत. रोज सोडियम-पोटॅशियम बघत होते आणि पोटॅशियम वर सरकायला लागल्याबरोबर औषध सुरू केलं. रिपोर्ट मुंबईहून आला तेव्हा त्यात लिहिलं होतं की आकडा मशीनच्या मोजायच्या हद्दीपलीकडं गेल्यामुळं नमुना पातळ करून पुन्हा लावला आहे. मी त्या वेळी लॅबमध्ये काम करत होते, डायल्यूशनचा अर्थ मला वाचताक्षणी कळला. वेळेवर जन्मलेल्या निरोगी बाळात दोन-तीन दिवसांनंतर हा हार्मोन मिलीलिटरला एक नॅनोग्रॅमच्या आसपास किंवा खाली येतो. या आजारात तो बऱ्याचदा शंभराच्या वर जातो. बाळीचा त्याहूनही पुढं होता.

मी रिपोर्ट घेऊन भावजयीच्या खाटेशी गेले आणि तिला सांगितलं, हे तुझ्या पहिल्याचंही कारण आहे. तिनं बाळीला पदराखाली घेतलं होतं. ती म्हणाली, "म्हंजे त्याचंबी औषध हुतं?"

होतं. हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या, मीठ धरून ठेवणारी फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी, आणि तान्हेपणी डॉक्टर मोजून देतील तेवढं मीठ. १९५० साली अमेरिकेत बाल्टिमोरला लॉसन विल्किन्स यांनी कॉर्टिसोन देऊन हा आजार ताब्यात येतो हे दाखवलं. म्हणजे भावाचा मुलगा गेला तेव्हा औषध म्हातारं झालं होतं.

गावात चार तोंडं चार बोलली. एक शेजारीण, वयानं मोठी, मनानं वाईट नव्हे, आईला म्हणाली की हे देवीचं लेकरू, सौंदत्तीला डोंगराला न्या. आई यल्लम्माची भक्त आहे, पौर्णिमेला जाते. तिनं तिथंच उत्तर दिलं, "डोंगराला नारळ घिऊन जाईन. लेकरू माझ्या घरचं हाय." आणि बाराव्या दिवशी सगळ्या गल्लीला बोलावून मुलीचं बारसं केलं, मुलीचं नाव ठेवलं. आईबद्दल मला जे वाटतं त्यातलं सगळ्यात मोठं हे आहे.

आता तपासणीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझं रोजचं काम ते आहे आणि यात वेळ चुकली तर आकडा फसवतो.

नवजात बाळासाठी टाचेतून रक्त घेतात आणि ते जाड टिपकागदाच्या कार्डावर सुकवतात. या कार्डाची पद्धत अमेरिकेच्या रॉबर्ट गथ्री यांनी साठच्या दशकात दुसऱ्या एका आजारासाठी आणली, आणि १९७७ साली पांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच सुकलेल्या थेंबातून १७-ओएचपी मोजून दाखवलं. घेण्याची वेळ शक्यतो जन्मानंतर ४८ ते ७२ तासांची. पहिल्या दिवशी घेतलं तर निरोगी बाळाचाही आकडा वर दिसतो, कारण जन्माचा ताण असतो आणि आईच्या पोटातले हार्मोन उतरायचे असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तर तो बरेच दिवस वर राहतो. म्हणून कार्डावर जन्माची तारीख आणि वेळ, किती आठवड्यांचं बाळ, वजन किती, रक्त कधी घेतलं, हे सगळं लिहायचं असतं. रिकामे रकाने असलेलं कार्ड मी पुढं पाठवत नाही, फोन करून विचारून भरते.

टाच आधी कोमट फडक्यानं शेकायची. टोचायचं ते टाचेच्या कडेला, मधोमध कधीच नाही. पहिला थेंब कापसानं पुसून टाकायचा. दुसरा थेंब आपोआप मोठा होऊ द्यायचा आणि कार्डावरच्या गोलाला एकदाच टेकवायचा. कागद रक्त पिऊन घेतो, मागच्या बाजूनंही तेवढाच गोल लाल दिसला पाहिजे. थेंबावर थेंब टाकायचा नाही. पाय पिळायचा नाही, पिळलं की रक्तात पाणी मिसळतं. बाळ रडतं, आजी रागानं बघते, तरी घाई करायची नाही. मग कार्ड आडवं, मोकळ्या हवेत, तीन-चार तास सुकवायचं. ऊन नको, हेअर ड्रायर नको. आमच्याकडं जून ते सप्टेंबर हीच मोठी अडचण. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस बघितलेल्याला सांगायला नको, तिकडं भिंतीसुद्धा सुकत नाहीत. पावसाळ्यात मी कार्डं जास्त वेळ ठेवते, बोटानं नाही तर डोळ्यांनी बघते, लाल रंग जाऊन तपकिरी आला की मगच पाकिटात घालते. ओलं कार्ड प्लॅस्टिकमध्ये गेलं तर ते बाळ पुन्हा टोचावं लागतं, आणि तोवर दिवस गेलेले असतात. या आजारात दिवसांनाच किंमत आहे.

कार्डाचा आकडा वर आला म्हणजे आजार आहे असं नाही. ती फक्त गाळणी. मग शिरेतून रक्त घेऊन पुन्हा बघतात, सोबत सोडियम-पोटॅशियम. नवजात बाळाच्या रक्तात १७-ओएचपीसारखे दिसणारे बरेच इतर पदार्थ असतात आणि साधी इम्युनोॲसे पद्धत (यात अँटिबॉडी हार्मोनला चिकटवून मोजतात) त्यांनाही मोजते. एलसी-एमएस/एमएस नावाच्या, पदार्थ वेगळे करून वजनावरून ओळखणाऱ्या पद्धतीनं केलं तर ही गल्लत टळते. नमुना कुठं आणि कोणत्या पद्धतीनं लागणार हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मी तर म्हणते विचाराच.

भावजयीच्या धाकट्या बहिणीच्या वेळी हेच झालं. तिला चंदगडला दिली आहे, परक्या घरात. बाळ चौतिसाव्या आठवड्यात आलं, मुलगा. मी आधीपासून मागं लागले होते म्हणून कार्ड गेलं, पण डॉक्टरांना भेटायच्या गडबडीत पहिल्याच दिवशी घेतलं गेलं. आकडा वर आला. मामाच्या घरात पुन्हा तेच वातावरण, चूल पेटेना. आठवडाभर त्या पोरीनं बाळाला खाली ठेवलं नाही. रोजचं सोडियम-पोटॅशियम नीट येत होतं, वजन चढत होतं, आणि एलसी-एमएस/एमएसचा रिपोर्ट आला तो स्वच्छ. काही नव्हतं. नंतर एकजण मला म्हणाले की उगाच पोरीच्या जिवाला घोर लावलास. असा घोर मी शंभरदा लावीन. माझ्या भावानं तो घोर विकत घेतला असता, जे मागाल ते देऊन.

चोर्ला घाट उतरला की गोवा. गोव्यानं २००८ साली सरकारी दवाखान्यांत जन्मणाऱ्या बाळांची अशी तपासणी सुरू केली, राज्य म्हणून देशात पहिल्यांदा. आमच्या तालुक्यातले कितीतरी लोक तिकडं कामाला असतात. घाटाच्या वरच्या बाजूला जन्मलेल्या बाळाच्या टाचेला मात्र कुणी मागं लागल्याशिवाय सुई लागत नाही. आणि हा आजार आपल्याकडं फार दुर्मीळ आहे असंही नाही. आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, पाच शहरांतल्या एक लाखाहून जास्त नवजात बाळांची तपासणी करवली, त्यात साधारण ५,७६२ बाळांमागं एक सीएएचचं निघालं. जगात बहुतेक ठिकाणी हा आकडा १५,००० मागं एकाच्या आसपास सांगतात. नात्यातली लग्नं जिथं जास्त, तिथं दोघांकडं एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते, आणि आपला सीमाभाग, इकडचा मराठी आणि तिकडचा कन्नड, दोन्ही त्यात येतो. मामा-भाचीचं लग्नही इथं होतं. माझं म्हणणं लग्नं मोडा असं नाही, झालेल्या लग्नांना दोष द्या असं तर मुळीच नाही. नात्यात लग्न झालं असेल तर बाळाची तपासणी तिसऱ्या दिवशी करून घ्या, एवढंच.

एक समजूत फार घट्ट आहे, ती मोडते. दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतः ठणठणीत पण प्रत्येकाकडं एक सदोष जनुक, तर चारातलं एक बाळ आजारी, हे ऐकून लोक म्हणतात, एक गेलं, आता पुढची तीन बरी. तसं नाही. प्रत्येक खेपेला नव्यानं चारात एक. आणि आपण वाहक आहोत का हे कळायला १७-ओएचपी पुरत नाही, त्याला जनुकाची तपासणी लागते. मी माझी करून घेतली आहे, कारण भाऊ वाहक म्हणजे मी असण्याची शक्यता अर्धी. मुलांची लग्नं ठरवायच्या आधी मला ते माहीत असायला हवं होतं.

या हार्मोनची दुसरी गिऱ्हाइकं म्हणजे कॉलेजच्या मुली. हनुवटीवर केस, पाळी दोन-दोन महिने नाही, चेहऱ्यावर मुरमं. चिठ्ठीवर पीसीओडी (बीजकोशाचा एक नेहमीचा आजार) लिहिलेलं असतं आणि बहुतेकींना तेच असतं. पण सीएएचचा एक सौम्य प्रकारही आहे, ज्यात एन्झाइम थोडं काम करतं, मीठ जात नाही, जिवाला धोका नसतो, आणि वयात आल्यावर हीच लक्षणं दिसतात. नुसतं बघून दोन्हींत फरक करता येत नाही. म्हणून डॉक्टर १७-ओएचपी लिहितात. यासाठी रक्त सकाळी आठच्या आत द्यायचं, कारण हा हार्मोन कॉर्टिसॉलबरोबर सकाळी वर असतो आणि दुपारी उतरतो, उशिरा दिलं तर सौम्य आजार निसटतो. आणि पाळीच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवशी द्यायचं, कारण महिन्याच्या दुसऱ्या अर्ध्यात बीजकोशातूनही तो येतो आणि नसलेला आजार दिसतो. स्टेरॉइडच्या किंवा पाळीच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं.

आता निपाणीहून, चंदगडहून, खानापुरातल्या आतल्या गावाहून येणाऱ्या मुलीला आठच्या आत बेळगाव कसं गाठता येणार? पहिली एसटी धरली तरी साडेनऊ-दहा होतात. म्हणून या तपासणीच्या मुलींना मी आदल्या दिवशी फोनवर सांगते, आत्या-मावशीकडं मुक्कामाला या, मी साडेसहाला शटर उघडते. एकदा एक मुलगी वडिलांबरोबर दहाला आली, उपाशी, मोटरसायकलवर भिजून. मी रक्त घेतलं नाही. चहा पाजला आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली. वडील चिडले. पण चुकीच्या वेळच्या आकड्यावर त्या पोरीला आयुष्यभर "काही नाही" नाहीतर "काहीतरी आहे" म्हणून जगायला लावण्यापेक्षा ते बरं.

रिपोर्ट हातात आला की आधी एकक बघा. कुठं नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर असतं, कुठं प्रति डेसिलिटर. पहिल्यातले २ आणि दुसऱ्यातले २०० हे एकच आहे. मिलीलिटरच्या हिशेबात साधारण २ च्या आत असेल तर सौम्य सीएएच बहुधा नाही. १० च्या वर असेल तर बहुधा आहे. मधलं असेल तर एसीटीएचचं (पिट्युटरी ज्यानं ॲड्रिनलला ढकलते त्या हार्मोनचं) इंजेक्शन देऊन तासाभरानं पुन्हा रक्त घेतात, आणि तो आकडा खरा धरतात. हे डॉक्टरांनीच ठरवायचं. मी आकडे लिहिले ते तुमची झोप उडू नये म्हणून.

बाळी आता शाळेत जाते. दिवसातून तीन वेळा गोळी, ठरल्या वेळी, त्यात नागा नाही. ताप आला, पडली, उलटी झाली तर डोस दुप्पट-तिप्पट, आणि गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन. भावजय ते स्वतः देते. तिला मीच शिकवलं, आधी पेरूवर. फ्लुड्रोकॉर्टिसोन खानापुरात नेहमी मिळत नाही, संपायच्या पंधरा दिवस आधी बेळगावातल्या दुकानदाराला सांगून मागवून ठेवतो. दर थोड्या महिन्यांनी रक्त, उंची, वजन. १७-ओएचपी अगदी नॉर्मल व्हावं असा हट्ट डॉक्टर धरत नाहीत, तेवढं खाली आणायला स्टेरॉइड जास्त द्यावं लागतं आणि उंची खुंटते. हे मला आधी माहीत नव्हतं, आता दुसऱ्या आयांना सांगते, कारण रिपोर्टात लाल अक्षर दिसलं की त्या घाबरतात.

तिच्या दप्तरात एक कार्ड आहे, लॅमिनेट केलेलं. वर कन्नडमध्ये, मध्ये मराठीत, खाली इंग्रजीत एकच मजकूर: या मुलीला ॲड्रिनलचा आजार आहे, बेशुद्ध पडल्यास किंवा उलट्या थांबत नसल्यास ताबडतोब हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्या, वाट बघू नका. कन्नड मजकूर तिच्या वर्गशिक्षिकेनं लिहून दिला आणि तीन-तीनदा वाचून दुरुस्त केला. आजार वाचताना कुणाला अडायला नको, हे त्यांना मला समजावून सांगावं लागलं नाही.

ज्यांच्या घरी बाळंतपण जवळ आलंय त्यांना करायचं आहे ते थोडंच. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा की नवजात बाळाची टाचेची तपासणी हवी, त्यात १७-ओएचपी हवं. आमच्या इथं ती हजार-दीड हजाराच्या घरात होते. थायरॉइडची तपासणी त्याच कार्डावर होते, तीही करा. तीन दिवसांच्या आत घरी सोडत असतील तर रक्तासाठी परत कधी यायचं ते लिहून घ्या. आणि फॉर्मवर दोन फोन नंबर द्या, त्यातला एक गावात रेंज असलेल्या माणसाचा. रिपोर्ट वर आला की लॅबमधून आम्ही पहिला फोन तुम्हाला करतो, आणि कणकुंबीच्या पुढं गेलेल्या माणसाला तो लागत नाही.